पाचवीला काय पुजावे ?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असा आग्रह झाला, म्हणून लिहावयास बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संसार, मुलेबाळे आणि सणवार यांतच दिवस गेले. इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात, आणि आपल्या शहरात त्यांची वानवा नाही. पण बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास असतो. तो दरवाजांवर आणि मकबऱ्यांवर कोरलेला नसतो, इतकेच. आपल्या आज्यांची किती मुले जगली, किती गेली, का गेली, आणि आज ती का जगतात, हा इतिहास प्रत्येक आईला ठाऊक असावा असे मला वाटते. त्यातूनच आजच्या लेकी-सुनांना सांगण्याजोगे चार शब्द सापडतात.

आपल्या बोलण्यात एक वाक्प्रचार फार येतो. “दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलेले,” असे आपण सहज म्हणून जातो. जे जन्मापासून कपाळी आले आणि टळणार नाही, ते पाचवीला पुजलेले. मूल जन्मले की पाचव्या दिवशी, कोणाकडे सहाव्या दिवशी, सटवाईची पूजा करतात. रीत घराघराप्रमाणे निराळी असते. पाट्यावर वरवंटा मांडतात, विळा ठेवतात, दिवा लावतात आणि शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळंतिणीजवळ कोणीतरी जागे राहायचे.

हीच रात्र का निवडली असावी, याचा आपण कधी विचार केला आहे काय ? श्रावणात शुक्रवारी आपण जिवतीचा कागद भिंतीला लावतो आणि लेकरांना ओवाळतो, तेही लेकरांच्या आयुष्यासाठीच. ज्या समाजात मुले भराभर जात, त्या समाजातील बायकांनी ही व्रते धरून ठेवली. पाचवी-सहावीच्या रात्री जागण्यामागेही कितीतरी पिढ्यांचा अनुभव असावा, असे मला वाटते. बाळाला सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो हे आज डॉक्टर सांगतात. आपल्या आज्या-पणज्यांनी ते रिकाम्या पाळण्यांवरून ओळखले होते.

माझी आजी वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात नांदली. तिला नऊ मुले झाली, त्यांतली पाच वाढली. उरलेल्या चारांचा हिशेब ती बोटांवर सांगे. दोन पाचवी आणि बारशाच्या दरम्यान गेली, एक देवीने गेले आणि एक चैत्राच्या उन्हात हगवणीने गेले. सांगताना तिचा आवाज हलत नसे. शेवटी एवढेच म्हणे, “सटवाईनं लिहिलंच तेवढं होतं, बाई.” त्या काळी घराघरात हाच हिशेब होता, म्हणून आजीच्या बोटांच्या क्रमानेच मी पुढे सांगते. देवीचा रोग आज उरला नाही, तेव्हा आरंभ तेथून करू.

घरात मुलाला देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत. फोडणी द्यायची नाही, परका माणूस आत यायचा नाही, मुलाला शांत निजू द्यायचे. शीतळासप्तमीला चूल न पेटवता शिळे खायचे तेही याच देवीसाठी. परक्याला आत न येऊ देण्याची चाल शहाणपणाची होती, कारण देवीचा रोग एकापासून दुसऱ्याला लागतो. पण रोगावर उपाय मात्र कोणाजवळ नव्हता.

१७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीपासून लस टोचण्याची युक्ती दाखवली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात देवीची लस लागू पडलेली ती पहिली मुलगी. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील लस काढून दुसऱ्याच्या दंडाला टोचावी लागे. अशी दंडावरून दंडावर ती पुण्यास गेली, हैदराबादेस गेली, मद्रासेस गेली. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. चिमुकल्या मुलांच्या रांगेतून आलेले हे वाण आपल्यापर्यंत पोचले, हे वाचून माझे डोळे भरून आले. १९७५ साली भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८० साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या दंडावर मोठे गोल वण असतील. तो त्या इतिहासाचा शिक्का होय.

आता आजीची ती दोन बाळे, जी बारसे होण्याआधीच गेली. आजी त्यांचे वर्णन करी ते असे : बाळ चांगले पीत होते, मग तोंड मिटले, दूध ओढीना, अंग ताठ झाले, धनुष्यासारखे वाकले. हा धनुर्वात. घाणीतील, मातीतील, शेणातील जंतू ओल्या नाळेतून अंगात शिरले की हा रोग होतो आणि बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत डोके वर काढतो. म्हणजे ऐन पाचवी-सहावीच्या सुमारास. खेड्यापाड्यांतून नाळ विळ्याने कापत. वर राख लावत, कुठे शेणही लावत. ज्या विळ्याची पाचवीला पूजा व्हायची, त्याच्याच पात्याने कधी घात केलेला असायचा. सुईणीला मी दोष देत नाही. ती बिचारी अर्ध्या रात्री हाकेला धावून येई आणि लुगडे-चोळीवर समाधान मानी. विळा उकळत्या पाण्यात घालावा, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाळाच्या मरणाचे हे दुःख एका मराठी मुलीने विद्येकडे वळवले, ती गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत, बायकांचे आजार जाणणारी बाई-डॉक्टर नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. त्या समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तोही आपल्याकडील बाळंतपणाच्या शास्त्रावर. मायदेशी येऊन सेवा करणे दैवाने घडू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावे वर्षही पुरे झाले नसता, त्या गेल्या. पण दहा दिवसांच्या त्या बाळामुळे आपल्या मुलींना डॉक्टरकीची वाट दिसली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मराठवाड्यात ही वाट उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. नंतर १९५६ साली आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या दवाखान्याला आपण सगळे ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडचीच काय, बुलढाण्याकडची माणसेही अडल्या वेळी घाटीची वाट धरतात. आजीच्या मोठ्या बाळंतपणांच्या वेळी ही सोय नव्हती. तिची धाकटी लेक, माझी मावशी, अडली तेव्हा बैलगाडी आणि एस.टी. करून तिला घाटीत आणली, आणि आई व बाळ दोघे सुखरूप घरी गेले. आजीच्या मनातून विळा गेला तो त्या दिवशी.

पुढे १९७८ साली देशभर मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. गरोदर बाईला धनुर्वाताची इंजेक्शने देतात, त्यांचा गुण बाळालाही मिळतो. शिवाय नवे पाते, स्वच्छ हात आणि स्वच्छ दोरा यांची सवय लागली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे मान्य केले. आजीने जे सटवाईच्या लेखात घातले होते, ते दोन सुयांनी आणि एका पात्याने पुसले !

तरी दवाखान्याने सगळेच काम झाले असे समजू नये. आज महाराष्ट्रात शंभरातील जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण दोन-तीन दिवसांत आई आणि बाळ घरी येतात. पाचवीची रात्र उजाडते ती घरीच. २०२० सालच्या सरकारी नोंदणीप्रमाणे आपल्या राज्यात हजार जन्मांमागे १६ बालके वर्षाच्या आत जातात, आणि त्यांतील ११ पहिल्याच महिन्यात जातात. १९७१ साली सबंध देशात हजारी १२९ बालके जात, त्या मानाने ही मोठी मजल आहे. पण उरलेले मरण पहिल्या महिन्यात, घराच्या उंबऱ्याच्या आत दबा धरून बसले आहे. तेथे डॉक्टर रोज येऊ शकत नाही. तेथे कोण असते ? आई, आजी, आणि गल्लीतली शेजारीण.

हे आपल्याच राज्यातील काही थोर मंडळींनी ओळखले. बीडच्या शेजारी जामखेड आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम मांडले आणि खेड्यातील साध्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यानंतर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या रानात, १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथील बाळे दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. मग त्यांनी दवाखानाच घरी न्यावा असे ठरवले. ३९ गावांतील पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना बाळाचे वजन करावयास, श्वास मोजावयास, बाळाला ऊब द्यावयास आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देण्यास शिकवले. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. हे १९९९ साली विलायतेतील ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. भगिनींनो, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका ! म्हणजे माझ्यासारख्याच. हे ऐकल्यापासून, मी कमी शिकलेली, मला काय कळते, असे म्हणणे मी सोडून दिले.

२००५ साली गावोगावी आशाताई आल्या, पुढे शहरांतही आल्या. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचे काम त्यांच्याकडे दिले गेले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. पहिल्या दोन भेटी पाहा. पाचवीच्या आगेमागेच येतात. पणज्यांचे जागरण आणि आजचे शास्त्र एकाच आठवड्यावर बोट ठेवते. पणज्या जाग्या राहत, पण जागून पाहायचे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत असाच प्रसंग आला. पहिलटकरणीचे सहा दिवसांचे बाळ सकाळपासून ओढून पिईना. नुसते पडून राही, आणि हातपाय गार. घरात पाहुण्यांची वर्दळ होती. थोरल्या बाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. सून हळूच म्हणाली, “आत्याबाई, काल आशाताई सांगून गेल्या, दूध सोडलं तर थांबू नका म्हणून.” आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दृष्ट काढून झाली. आता गाडी बोलवा. दोन्ही केलं तर देव रागवत नाही.” बाळाला आईच्या छातीशी उघडे धरून वरून लुगडे गुंडाळले आणि दवाखान्यात नेले. जंतुदोष निघाला. दहा दिवस काढून बाळ परत आले. आज ते अंगणात मांजरामागे धावते. आत्याबाईंनी सुनेचे बोलणे अडवले असते तर तो पाळणा रिकामा राहता. घरातल्या थोरांचा मान राखूनही योग्य ते करता येते, आणि थोरांनीही धाकटीचे ऐकावे, हे मला तेथे दिसले.

आता आजीचे चौथे बाळ, जे हगवणीने गेले. जुनी समजूत अशी की हगवण लागली की पाणी बंद करावे. अंगातले पाणी आधीच गेलेले, त्यावर पाणी बंद, म्हणजे सुकलेल्या रोपाचे पाणी तोडणे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून देण्याचे पाणी संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाईकांच्या हाती दिले व घोटघोट पाजावयास सांगितले. शंभरात तीस दगावत होते, ते तीन-चारांवर आले. तेच पाणी आज औषधाच्या दुकानात आणि अंगणवाडीत ओ.आर.एस.च्या पुडीत मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी पुडी घालावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून वेळ भागवावी. तान्ह्याचे अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, आणि जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चौदा दिवस पुऱ्या कराव्यात.

आपल्या शहराला हे विशेष लागू आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने नहर खोदून डोंगरातले पाणी गावात खेळवले, त्याचे कौतुक जग करते. पुढे पैठणला नाथसागर झाला. तरीही वर्षानुवर्षे नळाची वाट पाहत पिंपे भरून ठेवणे आपल्या नशिबी आले. साठवलेल्या पाण्यात बुडवलेला हात म्हणजे रोगाचे आमंत्रण. म्हणून पिण्याच्या पाण्याला दांड्याचे ओगराळे ठेवावे, झाकण ठेवावे, मुलांचे पाणी उकळावे. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. यासाठी काही खर्च येत नाही.

एक दुखणे आजीने बोटावर मोजले नव्हते, ते म्हणजे भुकेचे. १९७२ चा दुष्काळ माझ्या सासूबाईंनी खडी फोडून काढला. कामावर सुकडी मिळे आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खावी लागे. भुकेने मूल एकदम जात नाही. ते अशक्त होते, आणि मग साध्या खोकल्यानेही जाते. या भुकेवर आपल्याकडे एक गोड शब्द निघाला : अंगणवाडी. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा भरवली आणि अनुताई वाघांनी ते काम पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव हिंदुस्थानभर झाले.

आणखी एक गोष्ट आपल्या शहराने अभिमानाने सांगावी. २००५ साली महाराष्ट्र सरकारने कुपोषण हटवण्यासाठी ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ स्थापन केले, ते आपल्याच शहरात. नाव दिले जिजाऊंचे, ज्यांचे माहेर सिंदखेडराजा आपल्याहून फार लांब नाही. प्रत्येक अंगणवाडीत प्रत्येक मुलाचे वजन करावे, जे अशक्त निघेल त्याला निवडून खाऊ-पिऊ घालावे, आणि मुलाच्या पहिल्या हजार दिवसांकडे, म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, विशेष लक्ष द्यावे, असे ते काम होते. २००५-०६ आणि २०१२ या दोन पाहण्यांच्या दरम्यान राज्यातील दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण शंभरात ३९ वरून २४ च्या आसपास आले. मात्र २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांत शंभरात ३५ खुरटलेली आढळलीच. म्हणजे काम निम्म्या वाटेवर आहे. आणि केवळ गरिबाघरीच ही मुले असतात असे नाही. बिस्किटे आणि कुरकुऱ्यांवर वाढणारी सुखवस्तू घरची मुलेही वजनाच्या काट्यावर उघडी पडतात.

आता ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी या सगळ्याचे सार लिहिते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळे दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नये. ती बाळाची पहिली लस आहे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. आपल्या वैशाखातही वर पाणी नको, मध नको, गुटी नको, चाटण नको. सहा महिने झाले की मऊ वरणभात, नाचणी-ज्वारीची पेज, तूप, केळे, अंडे चालत असेल तर अंडे, असे घट्टसर खाणे द्यावे आणि दूधही चालू ठेवावे. नाळेला काही लावू नये. पहिला एक दिवस तरी न्हाऊ घालू नये. बाजेखालच्या शेगडीत ऊब देण्याचा हेतू चांगला होता, पण धूर वाईट. त्यापेक्षा कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरावे. ही रीत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरातील डॉक्टरांनी सुरू केली आणि आता सगळे जग ती मानते. डोळ्यांत काजळ आणि नाका-कानांत तेल घालू नये. तीट लावायचीच तर पायाच्या तळव्याला लावावी. लसीचे कार्ड दागिन्यांसारखे जपावे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवर उसळला. लस घ्यायची राहिलेल्या मुलांना त्याचा फार त्रास झाला. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाची सुई चुकवू नये.

आणि शेवटी माझी मंडळाला एक सूचना आहे. आपण सदस्यांच्या घरी बाळंतविडा घेऊन जातो. त्यात झबले-टोपडे असते, खारीक-खोबरे असते, डिंकाचे लाडू असतात. यंदापासून त्यात एक ताप पाहण्याची नळी आणि ओ.आर.एस.च्या दोन पुड्या घालाव्यात. मंडळाच्या शिलकीतून हे सहज होईल. पाचवीची पूजा कोणी मोडावी असे मी म्हणत नाही. माझ्याही घरी दोन्ही लेकरांची पाचवी झाली आणि मी रात्रभर दिव्यापाशी बसले होते. फक्त तो जो कोरा कागद आपण सटवाईसाठी ठेवतो, त्यावर आधी आपण ठळक अक्षरांत लिहावे :

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, बाळ लुळे पडले, आकडी आली, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा नाळेला पू आला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

एवढे लिहून तो कागद दिव्यापाशी ठेवावा, आणि जी जागी राहील तिने तो वाचून बाळाकडे पाहत बसावे.